४८० रुपयांचा जेसीबी

माझं गॅरेज आहे, वाईच्या बाजूला, रस्त्याकडेला. मारुती व्हॅन, छोटा हत्ती, जीप, जे येईल ते. लिहायची सवय नाही, पण जानेवारी-फेब्रुवारी आला की आमच्या गावातले निम्मे आईबाप एकच प्रश्न विचारत येतात, "शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, काय करायचं?" आणि मग सगळे साताऱ्याला जाऊन तेच किट आणतात. मीही आणलं. ते कसं निघालं ते सांगतो, म्हणजे पुढच्या वर्षी तुमचे पैसे तरी नीट जातील.

किट म्हणजे हायड्रॉलिक जेसीबी. लाकडाच्या भुशाचा दाबलेला पत्रा असतो ना, एमडीएफ, त्याचे कापलेले भाग, आठ सिरिंज, पारदर्शक नळी, बोल्ट आणि एक कागद. सिरिंज दाबली की हात वर, दुसरी दाबली की बकेट वळते. आमची बारकी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला. पहिली ते चौथीच्या मुलांचं प्रदर्शन विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला ठेवलं होतं. सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली त्याच दिवशी आपला शोध लावला, म्हणून १९८७ पासून तो दिवस पाळतात, असं बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं. बारकीला रामन वगैरे काही नको होतं. तिला जेसीबी पाहिजे होता. गावात कुठंही जेसीबी लागला की पोरं आणि रिकामटेकडी माणसं दोन-दोन तास बघत उभी राहतात, त्यातलीच ही.

दुकानाचं नाव लिहीत नाही. स्टेशनरीचं आहे, पोटमाळ्यावर सगळा 'प्रोजेक्ट'चा माल. मालकाने पहिला प्रश्न विचारला, "किट पाहिजे का रेडी?" रेडी म्हणजे जोडून, रंगवून, खाली थर्माकोलवर हिरवं गवत चिकटवून तयार. त्याचे ११००. किट ४८०. मी ४५० म्हणालो, तो हसला सुद्धा नाही. शेजारी एक बाई दुसरीतल्या मुलासाठी रेडी चांद्रयान घेत होत्या. मालकाने त्यांना वर एक छापील कागद दिला, "हे पाठ करून घ्या." मुलगा कोपऱ्यात उभा राहून खोडरबर बघत होता. त्याला कुणी काही विचारलंच नाही.

घरी येऊन खोका उघडला. एमडीएफचे भाग चांगले कापलेले होते, खाचा एकमेकांत बसत होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. सिरिंज आठही ५ मिलिच्या. बोल्ट ३ एमएमचे, सोळा लागतात, चौदा निघाले. दोन मी गॅरेजातून लावले, पण ज्याच्या घरी बोल्टांचा डबा नाही त्याने काय करायचं? नळी चार जोड्यांना मिळून एक मीटर, म्हणजे जोडीला वीतभर. पोराला सिरिंज हातात धरून दाबायची तर जेसीबीच्या अंगावरच बसावं लागतं. जोडीला निदान अर्धा मीटर तरी पाहिजे. प्लास्टिकचे पट्टे, ते वायर बांधायचे टाय, दिले होते, आणि ही एक गोष्ट ज्याने कुणी ठरवली त्याला अक्कल आहे. सिरिंजच्या गुळगुळीत प्लास्टिकला ग्लू गनचा गोंद धरत नाही. आज चिकटतो, उद्या टाळी वाजवली तरी निघतो. टायच लावा, आवळून.

आता तो कागद. इंग्रजीत आहे, चित्रं आहेत, आणि चित्रात आठही सिरिंजांत निळं पाणी काठोकाठ भरलेलं. इथंच सगळे फसतात. रविवारी आम्ही दोघं बसलो. बारकीने चित्रात बघून दोन्ही सिरिंज भरल्या, मध्ये नळी घातली आणि दाबायला गेली, तर दट्ट्या जागचा हलेना. हलणार कसा? दुसऱ्या बाजूच्या पाण्याला जायला जागाच नाही. एक सिरिंज भरलेली पाहिजे आणि दुसरी पूर्ण दाबून रिकामी, मग नळी जोडायची. एवढी एक ओळ कागदावर नाही. शेजारच्या वाडीतल्या एका बापाने याच कारणासाठी अख्खं किट परत नेलं होतं, "चालत नाही" म्हणून. मालकाने बदलून दिलं म्हणे. तेही चाललं नसणारच.

मग दुसरी गंमत. एक भरली, एक रिकामी, जोडलं, दाबलं, हात वर आला. पण कसा? आधी काहीच नाही, मग हळू, मग एकदम. सोडल्यावर थोडा मागे. बारकी म्हणाली, "पप्पा, हा लाडात आलाय." मी नळी उजेडात धरली. मध्ये मुगाच्या दाण्याएवढे हवेचे तीन बुडबुडे.

आणि इथं मला हसायला आलं, कारण हे काम मी रोज करतो. ब्रेकच्या लाइनमध्ये हवा शिरली की पेडल स्पंजासारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. मग हवा काढायची. एक माणूस आत बसून पेडल मारतो, दुसरा चाकापाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करतो. पोऱ्या सुट्टीवर असला की आत बारकी असते. पाय पुरत नाहीत म्हणून सीटच्या कडेला टेकून दोन्ही पायांनी पेडल दाबते. मी खालून ओरडतो, "पंप... पंप... पंप... दाबून धर!" मग निपल सोडतो, बाटलीतल्या नळीतून बुडबुडे येतात, निपल आवळतो, "सोड!" शंभर वेळा केलंय तिने. पण कशासाठी करतो हे मी कधी सांगितलं नव्हतं आणि तिने विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिने नळीतले बुडबुडे बघितले आणि म्हणाली, "म्हणजे याची पण हवा काढायची?"

किटच्या कागदावर हवेबद्दल एक शब्द नाही. खरं तर सगळी गोष्ट हवेचीच आहे.

हवा न राहता भरायची रीत सोपी आहे. मोठ्या टोपात पाणी घ्या, रंग घालायचा असेल तर आधीच घाला, आणि सिरिंज, नळी सगळं पाण्याखाली धरूनच भरा आणि पाण्याखालीच जोडा. नळी तोटीवर चढत नसेल तर टोक कढत पाण्यात बुडवा, मऊ पडतं, चढवा, गार झालं की घट्ट बसतं. दोन जोड्यांत लाल आणि दोन जोड्यांत निळं केलं म्हणजे कुठली सिरिंज काय हलवते ते पोराला पटकन सापडतं. रंग नुसता शोभेचा नाही. आणि हे सगळं एमडीएफपासून लांब करा. त्याला पाणी लागलं की पावासारखं फुगतं, मग भोकात बोल्ट जात नाही. आमचा एक पाय असाच फुगला. जेसीबी शेवटपर्यंत डावीकडे कलता राहिला, बारकी विचारणाऱ्याला सांगायची, "चढावर उभा आहे."

आठ दिवसांत सिरिंजचा रबर लावलेला दट्ट्या अडकायला लागतो. त्यावर माणसं घरातलं मशीनचं तेल किंवा ग्रीस लावतात. लावू नका. असल्या रबराला खनिज तेल लागलं की ते फुगतं. ब्रेकमध्ये चुकून इंजिन ऑइल टाकून सगळे रबरी वायसर बदलायला लागलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे येतात. मेडिकलमधून ग्लिसरीन आणा, एक थेंब बास. एरंडेलही चालतं. आणि ब्रेक ऑइल घरात अजिबात आणू नका. रबराला ते चालतं, पण पोटात गेलं तर विष आहे आणि रंगावर सांडलं तर रंग निघतो.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी एक गोष्ट केली. अजून चार सिरिंज आणि सलाइनची नळी मेडिकलमधून आणली. सिरिंज सुईसकट मिळाल्या, सुया मी तिथल्या तिथं परत दिल्या, तुम्हीही तसंच करा. ७० रुपये झाले. एक जोडी पाण्याची केली, एक नुसत्या हवेची. बारकीला म्हटलं, ही जेसीबीच्या शेजारी ठेव.

प्रदर्शन शाळेच्या व्हरांड्यात होतं. बाकं जोडून वर चादरी टाकलेल्या. सत्तावीस प्रयोग. ज्वालामुखी चार होते, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर, लाल रंग, सगळा व्हरांडा लोणच्यासारखा वास मारत होता. मिठाच्या पाण्यात तरंगणारं अंडं होतं. लिंबाची बॅटरी एकाने आणली होती, पण एका लिंबावर एलईडी पेटवायला बघत होता. तांब्याची तार आणि जस्ताचा खिळा घातला तरी एका लिंबातून एक व्होल्टसुद्धा पुरता निघत नाही आणि साध्या लाल एलईडीलाही पावणेदोन-दोन लागतो. शेजारच्या अंड्यावाल्याच्या आईकडून आणखी तीन लिंबं मिळवून ओळीत जोडली तेव्हा तळहाताची सावली करून बघितलं तर मिणमिणता दिवा दिसला. पोरगा असा ओरडला की हेडमास्तर बाहेर आले.

मला सगळ्यांत आवडला तो तिसरीतल्या एका मुलीचा. खर्च बहुतेक पाच रुपये. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले कागद. त्यावर साबणाचं पाणी लावलं की लाल, लिंबू पिळलं की परत पिवळा. ती प्रत्येकाला विचारायची, "तुमच्या शर्टावर कधी आमटी सांडली का? आई साबण लावते तेव्हा डाग लाल होतो ना? तेच हे." एवढं सांगून ती गप्प. मोठी माणसं एकमेकांकडे बघून मान डोलवत पुढे जात होती. आमच्या सगळ्यांच्या शर्टावर आमटी सांडलेली आहे.

ताटात पाणी, मध्ये मेणबत्ती, वर ग्लास, हाही होता. मेणबत्ती विझली की पाणी ग्लासात चढतं. मुलाला पाठ करून दिलं होतं, "ऑक्सिजन संपला म्हणून त्याची जागा पाण्याने घेतली." पाहुण्यांनी शाबास म्हटलं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाळा, परत एकदा कर, आणि पाणी कधी चढतं ते बघ." चढलं ते मेणबत्ती विझल्यावर, एकदम. ऑक्सिजन जळून जागा झाली असती तर जळता जळता सारखं चढत गेलं असतं. आतली तापलेली हवा गार होऊन आखडते, हे मुख्य कारण. रेडिएटरचं झाकण खराब असलं की इंजिन गार झाल्यावर पाईप चपटा बसतो, तोच प्रकार. मुलगा म्हणाला, "पण कागदावर असं नाही." त्याचं बरोबर होतं. कागदावर तसं नव्हतं.

चांद्रयानं तीन होती. तिन्ही एकसारखी, तेच थर्माकोल, तोच सोनेरी कागद, तेच पोटमाळ्यावरचं दुकान. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा शाळेने टीव्ही लावून दाखवलं होतं, पोरांना विषयाची आवड आहे, त्यात खोटं काही नाही. दुकानात भेटलेल्या बाईंचा मुलगाही होता. त्याने पाठ केलेलं घडाघडा म्हटलं, "दक्षिण ध्रुव" म्हणताना मोठा श्वास घेतला. मग केंद्रप्रमुख साहेबांनी विचारलं, "याला चाकं का नाहीत?" मुलगा गप्प. चंद्रावर उतरलेल्या विक्रमला पाय होते आणि चाकं त्याच्या आतून निघालेल्या प्रज्ञान गाडीला होती, हे मॉडेल बनवणाऱ्यालाच माहीत नसावं, कारण प्रज्ञान खोक्यात नव्हताच. पोराचे डोळे भरले. मला त्या ११०० रुपयांचा राग आला.

मग साहेब आमच्याकडे आले. जेसीबीने काडेपेटी उचलली, फिरवली, बाजूला टाकली. साहेबांनी स्वतः दोनदा उचलून बघितली. हा खेळ सगळ्यांना खेळायचा असतो, हे त्या किटचं खरं यश आहे, ते मान्य करतो. मग त्यांनी विचारलं, "पाणीच का घातलंस? नुसती हवा का नाही?"

बारकीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हवेची जोडी त्यांच्या हातात दिली. "दाबा. आता दुसरीकडे मी बोटाने धरते." दट्ट्या निम्मा आत गेला, सोडल्यावर परत आला. मग पाण्याची जोडी दिली. "आता दाबा." इकडे दाबलं की तिचं बोट लगेच मागे ढकललं गेलं. ती म्हणाली, "हवा आधी आपल्यातच दबत बसते. पाणी दबत नाही, ते लगेच पुढच्याला ढकलतं. म्हणून पप्पा ब्रेकमधली हवा काढतात, नाहीतर गाडी थांबत नाही."

साहेब म्हणाले, "व्हॅनच्या ब्रेकमध्ये पाणी असतं का?"

"तेल. पाण्याने गंजेल."

नंतर त्यांनी पास्कलचा नियम विचारला, बंद जागेतल्या पाण्याला दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो तो, तो तिला आला नाही. तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला होता, पण तो मी लिहिला होता. तिची उंची आणि तक्त्याची उंची जमली नाही.

पहिला नंबर चांद्रयानाला आला. तिघांतलं ज्याला लाइट होती त्याला. दुसरा हळदीला. आम्हाला सगळ्यांना मिळतं ते प्रमाणपत्र. बारकी घरी येईपर्यंत नाराज होती, मग संध्याकाळी गल्लीतली आठ पोरं जेसीबी बघायला आली आणि ती विसरली. मी विसरलो नाही, पण ते असू दे.

आता किटबद्दल माझं मत. पाचपैकी तीन. एक कमी केला नळी आणि बोल्टांसाठी, एक त्या कागदासाठी. कापणी आणि डिझाइन चांगलं आहे, पोराला हात घालायला मिळतो, आणि उलगडून परत जोडता येतं. पण ४८० रुपयांत तुम्ही विज्ञान घेता असं समजू नका. ते ७० रुपयांच्या चार सिरिंजांत आहे. आधी त्या पोराच्या हातात द्या, दोन दिवस खेळू द्या, मग पाहिजे तर जेसीबी आणा. शक्य असेल तर एका बाजूला ५ आणि दुसऱ्या बाजूला १० मिलिची सिरिंज लावून बघा. बारीक दाबली की जाडी थोडीच सरकते, पण जोर जास्त लावते. दोघांनी दोन टोकं अंगठ्याने दाबून धरली तर बारीकवाला जिंकतो. आमच्याकडे बारकीने मला हरवलं. गॅरेजातला गाडी उचलायचा बाटली जॅक यावरच चालतो. किटवाल्याने आठही सिरिंज एकाच मापाच्या देऊन हा मोठा भाग खाऊन टाकला आहे. बार हे दाबाचं माप, खऱ्या जेसीबीच्या पाईपात २०० बारच्या वर दाब असतो आणि आपल्या गाडीच्या टायरात साधारण २, एवढं पोराला सांगितलं तरी ते पाईप जाड का असतात ते कळतं.

रेडी मॉडेल ११०० ला घेऊ नका. त्याला शून्य. त्यात पोराने करायचं काहीच उरत नाही.

एमडीएफ नको असेल तर बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा आणि जुन्या रिफिलचे तुकडे पुरतात. पुण्याचे अरविंद गुप्ता यांची टाकाऊतून खेळण्यांची पुस्तकं आणि व्हिडिओ मराठीतही आहेत, फुकट बघता येतात. हा माणूस आधी टेल्को या गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर होता, आणि १९७८ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादच्या शाळांतल्या विज्ञान शिकवण्याच्या कार्यक्रमात गेला तेव्हा त्याने काडेपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबने जोडून आकार करायला लावले. व्हॉल्व्ह ट्यूब! माझ्या ड्रॉवरमध्ये सतत पडलेली असते आणि मला कधी सुचलं नाही.

दुकानाबद्दल एवढंच, की दोन बोल्ट कमी निघाले ते सांगायला मी परत गेलो तेव्हा मालकाने काही न बोलता चार दिले, आणि नळी कमी पडते म्हटल्यावर म्हणाला, "सगळेच म्हणतात." दुपारी दोन ते चार बंद असतं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.

जेसीबी आता कपाटावर आहे, डावीकडे कलून. मेडिकलच्या चार सिरिंज गॅरेजात आल्या. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं जुनं तेल ओढून काढायला बऱ्या पडतात. त्यांच्यावर बारकीने मार्करने लिहून ठेवलंय, "विष. शाळेला देऊ नये."